चीनच्या साक्षरतेचा तक्ता १९८० पासून सुरू होत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत चीनच्या शिक्षणावर आलेला लेख वाचला. विद्यापीठांचा आणि 'गाओखाओ' या प्रवेशपरीक्षेचा भाग चांगला उतरला आहे. पण 'आर्थिक सुधारणांनी चीन साक्षर केला' हे वाक्य आणि सोबतचा, भारत-चीन आकडे शेजारी-शेजारी देणारा, १९८० पासून सुरू होणारा तक्ता मात्र खटकला.

नोकरीनिमित्त मी चार वर्षं शांघायजवळच्या सुचौ शहरात होतो. घरमालकीणबाई सत्तरी ओलांडलेल्या. चिनी भाषेत मावशीच्या वयाच्या बाईला 'आयी' म्हणतात, त्यामुळे आमच्या घरात ती हाक पहिल्या दिवसापासून रुळली. आयींनी शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. १९५० च्या दशकाच्या अखेरीस, शेतीची कामं नसताना गावात हिवाळी वर्ग भरायचे, तिथे त्या शिकल्या. घरातल्या वस्तूंवर चिनी लिपीतल्या चिन्हांचे कागद चिकटवलेले असत: दारावर 'दार', रांजणावर 'पाणी', चुलीवर 'चूल'. चुलीवरचा कागद धुरानं काळा पडायचा, म्हणून तो दर आठ दिवसांनी नव्यानं लिहावा लागे. "तेच अक्षर माझं सगळ्यात पक्कं," असं त्या हसून सांगायच्या.

निरक्षराला चिनी भाषेत जो शब्द आहे त्याचा अर्थ 'अक्षरांचा आंधळा', आणि साक्षरता मोहीम म्हणजे हे आंधळेपण झाडून काढणं. (आपल्याकडे अशा माणसाला 'अक्षरशत्रू' म्हणण्याची रीत होती. जणू वैर त्यानंच धरलं होतं!)

आता आकडे. कम्युनिस्ट राजवट आली त्या १९४९ मध्ये दहातले आठ चिनी निरक्षर होते, असा सर्वसाधारण अंदाज दिला जातो. तिथल्या जनगणनेनुसार एकूण लोकसंख्येत निरक्षरांचं प्रमाण १९६४ मध्ये ३३.५८ टक्के, तर १९८२ मध्ये २२.८१ टक्के होतं. २०२० मध्ये ते २.६७ टक्क्यांवर आलं. म्हणजे १९७८ च्या अखेरीस सुरू झालेल्या सुधारणांची फळं दिसायच्या आधीच मोठी मजल मारून झाली होती. अमर्त्य सेन हेच सांगत आले आहेत: चीनमधला बाजार खुला झाला तेव्हा कारखान्यांना लिहिता-वाचता येणारे कामगार आयते मिळाले.

ते घडवले कुणी? बव्हंशी 'मिनबान' शिक्षकांनी. म्हणजे सरकारी नोकरीत नसलेले, गावानं ठेवलेले गुरुजी. त्यांचा मोबदला कामाच्या गुणांत (कम्यूनमध्ये, म्हणजे सामुदायिक शेतीच्या व्यवस्थेत, कामापोटी मिळणारे गुण) आणि धान्यात मोजला जाई, पेन्शनचं तर नावच नको. असे गुरुजी लाखोंनी होते. त्यांच्याविषयी लेखात अवाक्षर नाही.

माओच्या काळाची आरती ओवाळण्याचा माझा हेतू नाही. सांस्कृतिक क्रांतीत (१९६६-७६) शिक्षकांना 'दुर्गंधी नववे', म्हणजे शत्रूंच्या यादीतले नववे, म्हणून हिणवलं गेलं, कित्येकांना मारहाण झाली, विद्यापीठांची प्रवेशपरीक्षा बंद पडली. ती १९७७ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली तेव्हा सुमारे ५७ लाख जण बसले आणि जेमतेम २.७ लाखांना प्रवेश मिळाला. दहा वर्षांचं तुंबलेलं पाणी होतं ते.

पण सुधारणांनंतर खेड्यातल्या शाळांचं काय झालं, हेही लिहायला हवं होतं. कम्यून मोडले, शाळेचा खर्च गावावर आणि फीच्या रूपानं पालकांवर पडला. नऊ वर्षांच्या सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १९८६ चा. खेड्यातली फी प्रत्यक्षात रद्द झाली २००६-०७ मध्ये. मधल्या वीस वर्षांत किती पोरं शाळेतून काढून शेतावर धाडली गेली असतील! १९८९ मध्ये देणग्या गोळा करणारा 'आशा प्रकल्प' सुरू करावा लागला तो त्यामुळेच. आन्ह्वे प्रांतातल्या, हातात पेन्सिल धरून टपोऱ्या डोळ्यांनी बघणाऱ्या मुलीचं १९९१ मधलं छायाचित्र त्याच मोहिमेचं.

आणखी एक. आपल्या जनगणनेत सात वर्षांवरच्या, कोणत्याही भाषेत समजून लिहिता-वाचता येणाऱ्याला साक्षर धरतात. चीनमध्ये १९८८ च्या नियमानुसार शेतकऱ्याला १,५०० आणि शहरी माणसाला २,००० चिन्हं यावी लागतात. दोन देशांचे टक्के शेजारी-शेजारी छापताना एवढी तळटीप तरी हवी होती.

माझ्या कचेरीतला एक तरुण इंजिनिअर नामवंत विद्यापीठातून आलेला. एकदा मला चिनी शब्द लिहून दाखवताना 'गानगा'पाशी त्याचं पेन अडलं. गानगा म्हणजे ओशाळवाणं! बिचारा तसाच झाला, आणि फोन काढून त्यात बघून त्यानं तो उतरवला. रोमन अक्षरांत उच्चार टाइप केला की फोन चिन्ह समोर आणून देतो, त्यामुळे हात लिहायचं विसरतो. ही रोमन 'पिनयिन' पद्धत १९५८ मध्ये मंजूर झाली आणि आज पहिलीतलं पोर सुरुवातीलाच ती शिकतं. आयींना मात्र ती कुणी शिकवली नव्हती. त्या फोनच्या काचेवर बोटानं एकेक चिन्ह रेघेनं रेघ काढत. वेळ लागे, पण दर वसंतोत्सवाला, म्हणजे चिनी नववर्षाला, त्यांचा निरोप येतो तो असाच लिहिलेला.

तक्ता पुन्हा छापणार असाल, तर तो १९४९ पासून छापावा, एवढीच विनंती.

आपला,
एक निवृत्त अभियंता, चिंचवड