'इओ' कधी म्हणायचं, कधी गाळायचं

बोलोन्या, रविवार

चि. मुग्धास अनेक आशीर्वाद.

तुझ्या इटालियनच्या वहीचे फोटो पाहिले. प्रत्येक वाक्य 'इओ'ने, म्हणजे 'मी'ने, सुरू झालंय: इओ सोनो मुग्धा (मी मुग्धा आहे), इओ आबितो आ सातारा (मी साताऱ्यात राहते), इओ स्तुदियो (मी शिकते). व्याकरणाची चूक नाही, पण इथल्या माणसाला दर वाक्यात 'मी, मी' ठासून सांगितल्यासारखं वाटतं. ही सवय इंग्रजीमुळे लागते. मराठीत आपण नुसतं 'उद्या येते' म्हणतोच ना? 'मी' त्या 'येते'त आलेलाच असतो. इटालियनही तशीच आहे, म्हणून वाक्य मनात मराठीतूनच जुळव.

सर्वनामं अशी: इओ म्हणजे मी, तू म्हणजे आपलंच तू, लुई तो, लेई ती, नोई म्हणजे आम्ही आणि आपण दोन्ही, वोई तुम्ही सगळे, लोरो ते किंवा त्या. आता 'बोलणे' घे: पार्लो, पार्ली, पार्ला, पार्लियामो, पार्लाते, पार्लानो. सहाही शेवट वेगळे, म्हणून सर्वनामाची गरज उरत नाही. शेवटच्या 'पार्लानो'त जोर 'पा'वर दे. नवशिके हटकून 'ला'वर देतात.

मग सर्वनाम कधी घालायचं? जिथे मराठीत तू 'मीच' किंवा 'मी तर' म्हणशील तिथे. 'पैसे मीच देते' हे 'पागो इओ'. सर्वनाम क्रियापदाच्या मागे गेलं की आपल्या 'च'चं काम करतं. दार वाजवल्यावर आतून 'कोण?' आलं तर 'सोनो इओ', मीच आहे. तुलना करतानाही हवंच: 'लेई स्तुदिया, लुई लावोरा', ती शिकते, तो काम करतो. मराठी क्रियापद स्त्री-पुरुष दाखवतं, इटालियन वर्तमानकाळ दाखवत नाही. म्हणून कोणाबद्दल बोलतेस ते स्पष्ट नसेल तेव्हा लुई-लेई गाळू नकोस.

सगळ्यात जपायचं ते आदराचं. आपण एका वडीलधाऱ्याला 'तुम्ही' म्हणतो, म्हणून हात आपोआप 'वोई'कडे जातो. ते टाळ. दक्षिणेकडे आदराचं 'वोई' अजून कानावर येतं, पण इथे एका व्यक्तीला मान द्यायचा तर 'लेई', मग समोर पुरुष असो वा बाई, आणि क्रियापद 'ती'चं, एकवचनी. मैत्रिणीला 'कोमे स्ताई?' (कशी आहेस?), दुकानदाराला, डॉक्टरांना, घरमालकिणीला 'कोमे स्ता?' (कसे आहात?). शब्द 'लेई' उच्चारायलाही नको, एवढ्या एका 'ई'वर मान ठरतो. विद्यार्थी आपसात सरळ 'तू'वर येतात. मोठी व्यक्ती स्वतः 'दियामोची देल तू' (एकमेकांना 'तू' म्हणूया) म्हणाली की मगच तिला 'तू' म्हण.

वस्तूंना लुई-लेई लावू नकोस. किल्ली हरवली तर 'ती कुठे आहे?' याला नुसतं 'दोव्हे?' पुरतं. पाऊस पडतोय, तर 'प्योव्हे', कर्ता नाहीच. पुस्तकात 'तो', 'ती'साठी एल्यी, एल्ला दिसतील. ते ओळखता आलं की झालं, बोलण्यात आणू नकोस.

आणि 'मी' या आवाजाला फसू नकोस! इटालियन 'मी' म्हणजे 'मला'. 'मी प्याचे इल काफे' ही तर थेट आपली रचना, 'मला कॉफी आवडते'. तिथे 'इओ प्याच्चो' लिहिलंस तर अर्थ होईल 'मी आवडते'.

आता तीच दहा वाक्यं 'इओ' खोडून पुन्हा लिही आणि फक्त जिथे 'मीच' म्हणायचंय तिथे ठेव. पुढच्या रविवारी पाठव.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार.

तुझी,
मावशी