इरादापत्राची बातमी आणि कंदीलपुष्प : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

महोदय,
सप्रेम नमस्कार.

१४ जून २०२५ रोजी मुंबईत ॲबर्डीन, यॉर्क आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलिया या विद्यापीठांसह पाच परदेशी शिक्षणसंस्थांना मुंबई-नवी मुंबई परिसरात संकुले उभारण्यासाठी इरादापत्रे, म्हणजे तत्त्वतः संमतीची पत्रे, देण्यात आली. या संस्था येथे येण्यास माझा विरोध नाही. मात्र त्या दिवशी ना वर्ग भरला होता, ना विद्यार्थ्याने प्रवेश घेतला होता; तरीही प्रसारमाध्यमांत जणू विद्यापीठे सुरूच झाली असा सूर लागला. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार शुल्क आणि प्रवेशाचे निकष ठरविण्याची मोकळीक या संस्थांनाच आहे, ही पालकांच्या खिशाशी थेट संबंध असलेली बाब मात्र त्या कौतुकात झाकली गेली.

कोल्हापूर परिसरात वनस्पतिशास्त्र शिकविण्यात माझे आयुष्य गेले, म्हणून आपल्या विद्यापीठांच्या दुर्लक्षित कामाचे उदाहरणही तिथलेच देतो. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाने सह्याद्रीतील कंदीलपुष्पाच्या दुर्मीळ जाती शोधल्या आणि त्यांची रोपे वाढवून आपल्या उद्यानात जोपासल्या. ही फुले ऐन पावसाळ्यात येतात. निसरड्या उतारावर, गवतात दडलेले ते कंदिलासारखे, टोकाशी पाकळ्या जुळलेले फूल नजरेस पडेपर्यंत अख्खा दिवस निघून जातो. विशाळगडावर सापडलेल्या एका नव्या जातीला २०२३ मध्ये शिवरायांचे नाव देण्यात आले, तेव्हा तिची बातमी झाली. ती नावामुळे झाली, कामामुळे नव्हे, असे माझे मत आहे आणि त्यावर वाद घालण्याची माझी तयारी आहे.

एरवी आपली विद्यापीठे मथळ्यात येतात ती निकाल रखडला किंवा पेपर फुटला म्हणून. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाचे निकाल लांबले, तेव्हा माध्यमांनी धारेवर धरले ते योग्यच होते; परदेशी नावापुढे हीच चिकित्सा मवाळ का होते, एवढाच प्रश्न आहे. क्यूएस या जागतिक विद्यापीठ क्रमवारीतील घसरण ठळकपणे छापली जाते, पण त्या क्रमवारीत ३० टक्के भार केवळ शैक्षणिक प्रतिष्ठेविषयीच्या मतांना आणि १० टक्के भार परदेशी प्राध्यापक व विद्यार्थी यांच्या प्रमाणाला आहे, ही फोड सहसा छापली जात नाही.

माध्यमांनी काय छापावे हे शासनाने सांगू नये. परंतु बातमीचा कच्चा माल पुष्कळदा आपल्याच विभागाच्या प्रसिद्धिपत्रकातून जातो. तेव्हा अशा पत्रकात शुल्क, जागा आणि अभ्यासक्रम यांची माहिती द्यावी, आणि ते ठरले नसल्यास तसे स्पष्ट लिहावे. राज्यातील विद्यापीठांच्या संशोधनाची पत्रकेही तितक्याच तत्परतेने, समजेल अशा मराठीत निघावीत. त्यांतले पहिले पत्रक मात्र प्राध्यापकांच्या रिक्त जागांचे असावे : प्रत्येक विद्यापीठात मंजूर पदे किती, भरलेली किती आणि तासिका तत्त्वावर किती जण राबत आहेत.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, कोल्हापूर