आधी आईचा फोन सुरू करून दिलात, त्याबद्दल

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही निघालात तेव्हा गळा दाटून आला होता, त्यामुळे नीट आभार मानता आले नाहीत. म्हणून हे पत्र. ते चारचौघांनी वाचावं अशीच इच्छा आहे.

आमच्या घरी टेलिफोनच्या दोन लाइन होत्या, त्यातली दुसरी बाबांच्या कामासाठी घेतलेली होती. बाबा गेल्यावर तिचं भाडं भरत राहण्यात अर्थ नव्हता. ती बंद केली आणि मागच्या खोल्यांमधले फोन मुके झाले. त्यातच आईच्या उशाशी असलेला फोन. तिला चालवत नाही. रात्री काही दुखलंखुपलं तर तिचा हात आधी त्या रिसीव्हरकडे जातो.

तुमच्याआधी येऊन गेलेल्यांचा राग अजून गेलेला नाही. एकाने पॉइंट मोजले आणि घरभर नवी वायर ओढावी लागेल म्हणून सांगितलं. कंपनीच्या माणसाने घरातलं वायरिंग आमच्याकडे येत नाही असं म्हणून हात झटकले. आणखी एकाने कॉर्डलेस घ्यायला सांगितलं. वीज गेली की कॉर्डलेसचा बेस बंद पडतो, हे त्याला माहीत नसेल? साध्या फोनला लागणारे ४८ व्होल्ट एक्स्चेंजमधून त्याच तारेवरून येतात, म्हणून घरात अंधार असला तरी तो चालतो. आईला आधार होता तो नेमका याचाच. स्वयंपाकघरातला फोन ज्याने जोडला त्याने डायल टोन ऐकवला, पैसे घेतले आणि गेला. नंबर काही केल्या लागेना. पुन्हा बोलावलं तर म्हणाला, सेट गेलाय, टाकून द्या. या सगळ्यांपैकी एकानेही एक साधा प्रश्न विचारला नाही.

तो तुम्ही विचारलात. दारातून आत आल्यावर, पिशवी खाली ठेवायच्याही आधी. "यातला कुठला फोन कोणाला सगळ्यात जास्त लागतो?" मी आईच्या खोलीकडे बोट दाखवलं. तुम्ही म्हणालात, "मग आधी आजींचा सुरू करून देतो. बाकीचे होतील सावकाश." खरं तर बाहेरची लाइन घरात येते त्या डब्यापासून सुरुवात करून ओळीने खोल्या घेत जाणं तुम्हाला सोयीचं होतं. तरी तुम्ही डब्यातलं गरजेपुरतं उरकून थेट सगळ्यात लांबच्या खोलीत गेलात. तिथला जॅक, म्हणजे फोनची वायर खोचायचा भिंतीवरचा सॉकेट, जोडून झाल्यावर स्वतःच्या मोबाइलवरून आमचा नंबर लावलात, घंटा वाजू दिलीत आणि आईला म्हणालात, "उचला आजी, तुमचाच फोन आहे." मग बाहेरच्या खोलीत जाऊन तिच्याशी बोलत राहिलात. ऐकू येतंय का, घंटेचा आवाज पुरतो का, रिसीव्हर जड तर होत नाही ना. लाइन बंद झाल्यापासून आई त्या दिवशी पहिल्यांदा मोकळी हसली. काका, बाकीचं काम कोणी ना कोणी केलंही असतं. हे कोणी केलं नसतं.

बाकीच्या कामातलं मला कळलं तेवढं लिहिते, कारण लोकांची फसवणूक इथेच होते. एकाच केबलमध्ये तारांच्या दोन जोड्या होत्या आणि मागच्या जॅकना फक्त दुसरी जोडलेली होती. पहिली, म्हणजे चालू लाइनची जोडी, प्रत्येक जॅकच्या मागे आयती पोचलेली होती. नव्या वायरची कुठेच गरज नव्हती! बंद लाइनच्या तारेतही कधीकधी व्होल्टेज राहतं, म्हणून डब्यात ती जोडी तुम्ही आधीच सोडवलीत, टोकं वेगवेगळी गुंडाळलीत आणि कापायची नाही असं मला बजावलंत. कधी पुन्हा लागली तर असू दे, म्हणालात. स्वयंपाकघरातल्या 'गेलेल्या' सेटसाठी जॅकमधल्या दोन तारांची अदलाबदल केलीत आणि नंबर लागायला लागला. काही जुन्या बटणांच्या फोनना पोलॅरिटी, म्हणजे तारांची धन-ऋण बाजू, उलटी झालेली चालत नाही. ऐकू येतं, पण नंबर जात नाही. हे माहीत असलेला माणूस चांगला सेट टाकून द्यायला सांगत नाही. आता सगळे फोन एकाच लाइनवर आले, त्यामुळे घंटा मंद वाजेल अशी शंका तुम्हालाच आली. मला न विचारता तुम्ही काही केलं नाहीत. बैठकीतल्या फोनची घंटा काढली तर चालेल का, असं आधी विचारलंत. आईच्या फोनची घंटा खणखणीत वाजायला हवी होती.

हुशार कारागीर मिळतात, काका. पण समोरच्या घरात कोणाला कशाची भीती वाटते हे आधी पाहून मग हत्यार हातात घेणारी माणसं फार थोडी भेटली. तुमच्याकडे शिकायला मुलं येतात असं तुम्ही म्हणालात. त्यांना तारांची जोडणी शिकवाल तसा तो पहिला प्रश्नही शिकवा, एवढी विनंती.

ओळखीत आणखी दोघांना हीच अडचण आहे आणि त्यांनाही नवी वायर टाकायला सांगितलं गेलंय. त्यांना तुमचा नंबर दिला तर चालेल का, तेवढं फोन करून कळवा. आईलाही तुमच्याशी बोलायचं आहे.

आपली कृतज्ञ,
आजींची मुलगी