जंतनाशकाआधी नर निवडा

संपादक महोदय,

मेंढ्यांच्या जंतांची चर्चा औषधापाशीच थांबते, याचे वाईट वाटते. चौथ्या जठरात रक्त पिणाऱ्या हिमॉन्कस जंताची एक मादी दिवसाला ५ ते १० हजार अंडी घालते. त्याच कुरणात डॉर्पर जातीच्या मेंढ्यांपेक्षा पूर्व आफ्रिकेच्या रेड मसाई मेंढ्यांच्या लेंड्यांत अंडी कमी सापडतात. कॅरिबियन सेंट क्रॉय जातही अशीच प्रतिकारक्षम आहे.

जात बदलणे शक्य नसेल, तरी कळपातल्या कळपात, ज्यांच्या लेंड्यांत अंडी कमी असे नर पैदाशीसाठी निवडता येतात. या गुणाची आनुवंशिकता (जनावरा-जनावरांतील फरकात वारशाचा वाटा) साधारण ०.२ ते ०.४, म्हणजे निवडीला पुरेशी. दूध तुटलेल्या, एकाच वयाच्या, एकत्र चरणाऱ्या कोकरांच्या लेंड्या थेट गुदद्वारातून घेऊन दर ग्रॅममधील अंडी मोजावीत. चूक होते ती इथे: नुकतेच औषध पाजलेले असेल तर सगळेच नर चांगले दिसतात! व्यायलेल्या मेंढ्यांच्या लेंड्यांतील जंतांची अंडी तात्पुरती वाढतात. तो आकडाही निवडीसाठी धरू नये.

धष्टपुष्ट दिसणारा नर प्रतिकारक्षम असेलच असे नाही. काही जनावरे जंत नुसते सोसतात आणि कुरणात अंडी पसरवत राहतात.

– एक पशुवैद्यक