गाजर गवतावरचे भुंगे मारू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पाऊस सुरू झाला की पुण्यात मोकळे प्लॉट, नाल्याची कड, सोसायटीच्या भिंतीमागची जागा, सगळीकडे गाजर गवत उगवतं, त्याबद्दल लिहितोय. १९५६ साली या गवताची भारतातली नोंद आपल्या पुण्यातूनच झाली आणि आज देशात क्वचितच एखादा जिल्हा असेल जिथे ते नाही. एका झाडाला दहा-पंधरा हजार बिया सहज येतात, जास्त पण. उगवल्यावर महिना-दीड महिन्यात फुलायला लागतं. आणि त्याच्या परागाने कुणाला शिंका, कुणाला दमा, हाताला मानेला खाज सुटून कातडी काळी पडते. आमच्याकडे बागकाम करणाऱ्या मावशींना दर पावसाळ्यात हा त्रास होतो, हातमोजे त्यांना कोणी देत नाही, आणि याचा मला फार राग येतो.

पण खरा मुद्दा वेगळाच आहे. गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या प्लॉटवर गवताला भुंगे लागलेले दिसले. दाण्याएवढे, मळकट पांढरे, पाठीवर काळपट तपकिरी उभ्या रेघा. पान उलटं केलं तर खाली पिवळसर अंडी, आणि शेंड्याच्या कोवळ्या कळ्यांत घुसून बसलेल्या अळ्या, म्हणजे फूल यायच्या आधीच शेंडा खलास. काही झाडांच्या तर नुसत्या काड्या उरल्या होत्या. दोन दिवसांनी सोसायटीने बोलावलेला फवारणीवाला आला आणि 'कीड लागलीय' म्हणून कीटकनाशक मारून सगळे भुंगे मारून गेला, गवत मात्र परत फुटलं!

हा मेक्सिकन भुंगा आहे आणि तो मुद्दाम आणलेला आहे. मेक्सिकोतून आणून तपासण्या करून बंगळुरूच्या शास्त्रज्ञांनी १९८४ साली तो सोडला, तिथून पुढे पसरला. नव्वदच्या दशकात सूर्यफुलावर दिसल्याच्या तक्रारी आल्या तेव्हा सरकारने समिती नेमून तेही तपासलं, आणि त्यानंतरही भुंग्याचा वापर झाला. थंडी-उन्हाळा तो मातीत झोपून काढतो आणि पावसाबरोबर वर येतो. म्हणजे जिथे एकदा रुळला तिथे दर वर्षी फुकट काम करतो, फक्त आपण त्याला मारायचं नाही. गुलाब-जास्वंदाच्या वाटेला तो जात नाही. अर्थात सगळं गवत एकटा संपवत नाही, पाऊस लांबला तर त्याची संख्या वाढेपर्यंत गवत फुलून जातं, म्हणून माणसाचे हातही लागतातच.

ते हात कधी लागतात हा दुसरा प्रश्न. आपल्याकडे सगळ्यांना जाग येते ती फुलं पांढरी दिसायला लागल्यावर, मग ग्रास कटर फिरवतात. त्याने पराग उडतो, तयार बी असेल तर तेही चौफेर उडतं, आणि बुडखा जमिनीत राहिल्याने आठ-पंधरा दिवसांत खालून परत फुटवे येतात. जबलपूरची तण संशोधन संस्था दर वर्षी १६ ते २२ ऑगस्ट गाजर गवत जागृती सप्ताह करते, चांगलंच आहे ते, पण पुण्यात जूनमध्ये उगवलेलं गवत तोपर्यंत फुलात आलेलं असतं. इथे जुलैमध्येच, माती ओली असताना, फुलाआधी मुळासकट उपटायला हवं, तेव्हा ते हलक्या हाताने निघतं, आणि फूल नसेल तर त्याचं खतही करता येतं. हातमोजे, पूर्ण बाह्या आणि तोंडाला रुमाल हवाच.

उपटलेल्या जागी टाकळा किंवा झेंडू दाट टाकला तर गवताला डोकं वर काढायला जागा राहत नाही. टाकळ्याच्या कोवळ्या पानांची भाजी पण होते, मात्र जिथे तणनाशक मारलंय तिथली अजिबात खाऊ नका.

महापालिकेच्या उद्यान विभागाला आणि सोसायट्यांच्या कमिट्यांना विनंती आहे की फवारणीचं काम देताना गवतावर रेघांचे भुंगे असतील तर तिथे औषध मारायचं नाही हे कामाच्या कागदावरच लिहा, उपटायची मोहीम जुलैत घ्या आणि उपटणाऱ्या बायकांना हातमोजे त्याच बजेटमधून द्या.

आपला,
एक वाचक, पुणे