तपासणीची गाडी मदरशाच्या दारातही थांबू दे

प्रति,
मा. प्रकाश आबिटकर साहेब,
सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, आपण राधानगरीचे, म्हणजे घरचेच. म्हणून हक्काने लिहिते आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी, अनुदानित शाळांत एकदा जातात. हृदयाचे छिद्र, वाहता कान, रक्तक्षय तिथेच कळतो आणि पुढचे उपचार मोफत होतात. विनाअनुदानित निवासी मदरशातले पोर मात्र त्या यादीत बसत नाही. तेही अठराच्या आतलेच आहे, आणि त्याची आई जवळ नाही.

त्यांच्यासाठी कधीमधी शिबिरे होतात. पण खरजेचेच घ्या. मुले शेजारी-शेजारी झोपतात. शिबिरात खाजवणाऱ्या मुलांना मलम मिळते, बाकीची तशीच राहतात. पहिल्यांदा खरूज झाली की खाज सुटायला कधी महिनाही जातो, म्हणजे न खाजवणाऱ्याच्या अंगावरही किडा असू शकतो. महिन्याभरात खोली पुन्हा खाजवू लागते. पर्मेथ्रिनचे मलम सगळ्यांनी एकाच रात्री मानेपासून तळपायापर्यंत लावायचे, सकाळी चादरी-कपडे गरम पाण्यात धुवायचे, आठवड्याने पुन्हा लावायचे. मी डॉक्टर आहे, पण हे माझ्याने होत नाही. हे रात्री मुलांजवळ असणाऱ्या उस्तादांनाच, म्हणजे मदरशातल्या शिक्षकांनाच जमते. त्यांना कुणी शिकवलेलेच नाही.

इंडोनेशियात निवासी इस्लामी शाळांना पेसांत्रेन म्हणतात. तिथे आतच छोटे आरोग्य केंद्र असते. प्रशिक्षण घेतलेले विद्यार्थी ते चालवतात आणि जवळचे सरकारी आरोग्य केंद्र लक्ष ठेवते. शालेय आरोग्यासाठी आरोग्य, शिक्षण, धर्म आणि गृह अशा चार मंत्रालयांचा संयुक्त आदेश आहे. आपल्याकडे आरोग्य आणि अल्पसंख्याक विकास या दोन खात्यांनी एकत्र बसून मदरशांची यादी केली, तरी मोठे काम होईल.

वेळापत्रकही त्यांचे बघावे लागेल. जंतनाशक दिन १० फेब्रुवारीला असतो. २०२७ मध्ये तेव्हा रमजान असेल. रोजा धरलेल्या मुलाच्या हातात दुपारी अल्बेंडाझोलची गोळी ठेवून ती खाल्ली जाणार नाही. रमजानच्या आधीच द्यावी, नाहीतर इफ्तारनंतर. शुक्रवारी पथक पाठवू नये. मुलींची तपासणी पथकातल्या महिला डॉक्टरांनीच करावी. आणि आधी मौलानांना भेटावे. २०१८ च्या गोवर-रुबेला मोहिमेत अफवा पसरल्या, तेव्हा आईबापांनी ऐकले ते त्यांचेच.

शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग उभे केले ते याच कोल्हापूर शहरात. मुलांना शिकवायचे तर आधी त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय हवी, हे त्यांनी ओळखले होते.

येत्या जूनपासून कोल्हापूर जिल्ह्यातल्या निवासी मदरशांना या पथकांच्या वार्षिक आराखड्यात घ्यावे आणि प्रत्येक ठिकाणच्या एका उस्तादाला प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रशिक्षण द्यावे, ही विनंती. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात पाठवायच्या मुलांची नोंद त्याच उस्तादाकडे असावी.

आपली,
कोल्हापुरातील एक डॉक्टर