सदाफुलीचा काढा आणि केमो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमक्या वनस्पतीच्या अर्काने कर्करोगाच्या पेशी मेल्या, अशा बातम्या हल्ली वरचेवर छापून येतात. प्रयोग बहुधा काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींवर झालेला असतो. ते शेवटच्या ओळीत येते, कधी येतही नाही.

आमच्या घरी असेच एक कात्रण आले, तेव्हा थोरल्या जाऊबाईंची केमो चालू होती. तुळशीशेजारच्या कुंडीतल्या सदाफुलीची पाने मी रोज सकाळी उकळून द्यायचे. स्टीलच्या पेल्यातला तो काळपट, कडूजहर काढा त्या डोळे मिटून घशाखाली घालायच्या. तिसऱ्या केमोआधी रक्त तपासले तर पांढऱ्या पेशी इतक्या उतरलेल्या की केमो पुढे ढकलावी लागली. डॉक्टरांनी विचारले, "बाहेरचे काही घेता का?" जाऊबाई माझ्याकडे बघू लागल्या. पेशी केमोनेही उतरतात, त्यामुळे दोष काढ्याचाच असे डॉक्टर म्हणाले नाहीत. काढा मात्र त्याच दिवशी बंद करायला लावला.

नंतर मी वाचत गेले. सदाफुलीपासून व्हिनब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही कर्करोगावरची नावाजलेली औषधे मिळाली आहेत. १९५०च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर हे संशोधक मधुमेहासाठी सदाफुलीचा अर्क तपासत होते. उंदरांची साखर काही उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र झपाट्याने घटल्या. त्यावरूनच रक्ताच्या कर्करोगावरच्या औषधाची वाट सापडली. पेशींचे विभाजन रोखण्याचा जो गुण गाठीवर चालतो, तोच अस्थिमज्जेत तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशींवरही चालतो. म्हणून ही औषधे मिलिग्रॅममध्ये मोजून शिरेतून देतात. माझ्या पेल्यात किती उतरत होते, हे मला आजही सांगता येणार नाही.

गुळवेलीची ख्याती रोगप्रतिकारशक्ती वाढवण्याची. कोरोनाकाळात ती घेणाऱ्या काही जणांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवले. आयुष मंत्रालयाने ते मान्य केले नाही. हा वाद घरी काढा उकळणाऱ्या बाईपर्यंत पोचतच नाही.

वनौषधींवर माझा राग नाही. आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडातही कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य आहे आणि त्यापासून केमोची औषधे बनतात. ती किती तरी वर्षांच्या चाचण्यांतून गेलेली आहेत, एवढे वाचकाला कळायला हवे.

माझी कळकळीची विनंती आहे. अशी बातमी देताना प्रयोग बशीत झाला, उंदरांवर की माणसांवर, ते लिहावे. तोच अर्क निरोगी पांढऱ्या पेशींवर तपासला का, हेही विचारावे. आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्या नाशकातच आहे, तिथल्या जाणकारांचे चार शब्द घेणे अवघड नाही. आणि केमो चालू असलेल्यांनी डॉक्टरांना सांगितल्याशिवाय काढा घेऊ नये, ही ओळ मथळ्याच्या लगेच खाली, ठळक अक्षरांत छापावी.

आपली,
एक वाचक,
पंचवटी, नाशिक